मंगळाचा गहू

मी आमचं गाव, बोरी, सोडलं त्या दिवशी नामांतरावरून बंद होता. परभणीच्या रस्त्यावर एसटी नव्हती, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणला. ट्रॉलीत कापसाची बोचकी, त्यांच्यावर मी, आई आणि माझी सुटकेस. आई वाटभर एकच सांगत होती, "पोटाला खात जा." मध्ये पोरांनी ट्रॅक्टर अडवला. आबा खाली उतरले. "लेक सासरी चाललीय, जाऊ द्या बाबांनो." ते सासर अमेरिकेत आहे हे त्यांनी सांगितलं नाही. मनमाडच्या गाडीत बसले तेव्हा साडीभर कापूस चिकटला होता. निघताना रडतात म्हणे. मी इतकी दमले होते की रडायचं राहूनच गेलं.

तुमच्यापैकी जे असेच निघालात, त्यांना पुढचं सांगायला नको. सहा महिने बर्फ, भाड्याची खोली, ग्रोसरीच्या पिशव्या, आणि मनातल्या मनात आधी मराठीत जुळवून मग बोललेलं इंग्रजी. नवरा, प्रकाश, दिवसभर युनिव्हर्सिटीत. परभणीला मी शेतकी शिकले होते, तेवढ्या जोरावर तिथल्याच एका लॅबमध्ये नोकरी मिळाली. काम गव्हाचं, पण खाणारे मंगळावर जाणार होते.

मंगळावर पोचायलाच महिनोन् महिने लागतात. एवढ्या दिवसांचा शिधा बरोबर नेता येत नाही, हवाही पुरत नाही. म्हणून तिथंच पीक घ्यायचं. माणसानं सोडलेला श्वास पिकानं घ्यायचा आणि पिकानं दिलेली हवा माणसानं. ते जमतं का, हे आधी जमिनीवर करून बघत होतो. लोखंडी भिंतींची, एका बाजूला जाड काच असलेली एक बंद खोली, तिला आम्ही चेंबर म्हणायचो. आत दिव्यांखाली एकावर एक ट्रे, माती नाहीच, मुळं क्षार घातलेल्या पाण्यात. गहू जेमतेम गुडघ्याएवढा. बोरीत मी पाटाचं पाणी वळवायला चिखलात उभी राहायची. इथं पांढरे बूट घालून नळी फिरवायची. पगार चांगला होता. वास मात्र कशालाच नव्हता.

काही वर्षांनी दोन माणसांनी त्या चेंबरमध्ये काही महिने दार न उघडता राहायचं ठरलं. आमच्या प्रमुख बाईंनी, रूथनं, मला विचारलं. मी हो म्हणाले. मी पेरलेल्या गव्हावर आपण जगतो का, हे मला बघायचं होतं. बरोबर डॅनी नावाचा यंत्रं सांभाळणारा होता.

त्याच्या आदल्या वर्षी आई गेली. मला जाता आलं नव्हतं. प्रकाशनं आबांना तिकीट पाठवलं होतं. मी बाहेर आल्यावर ते येतील, असा हिशेब होता. पण चेंबरच्या दाराचं रबर गळायला लागलं, ते बदलण्यात दिवस गेले आणि आम्ही उशिरा आत गेलो. आबांचा व्हिसा आणि तिकीट काही पुढं सरकलं नाही. ज्या माणसाला मी तीन वर्षं पाहिलं नव्हतं, तो प्रकाशच्या जुन्या ओव्हरकोटात काचेपलीकडे येऊन उभा राहिला. धोतर, वर कोट, डोक्याला टोपी. काचेशी फोन होते, आतून एक, बाहेरून एक.

"कशी हायस?"

"बरी हाय, आबा."

"वाळलीस."

मग ते माझ्यामागचा गहू बघायला लागले.

"माती कुटं हाय?"

"पाण्यावरच येतो हा."

"आन् खाणार कोण?"

"मंगळावर जातील ती माणसं."

"तितं काय हाय?"

"काहीच नाही. दगड, धूळ."

"मग कामून जायलेत?"

याचं उत्तर मी कितीतरी पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवलं होतं. आबांना मी एक कणीस तोडून काचेशी धरून दाखवलं.

ते रोज यायचे. प्रकाश सकाळी सोडायचा, संध्याकाळी न्यायचा. दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत काचेसमोर बसून राहायचे. मी ट्रे धुवायची, कणसं कापायची, दळायची, आणि मध्येमध्ये फोन उचलायची. बोलायला फार नसायचं. पोखर्णीच्या नरसिंहाला जाऊन आले, माझ्या चुलतभावानं, रामभाऊनं, बैल विकले, जिंतूरला नव्या दवाखान्याचं बांधकाम निघालंय. आईचं नाव दोघांपैकी कुणी काढत नव्हतं. ते परत जाणार होते त्यानंतर आठवड्यानं आमचं दार उघडणार होतं. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

मग गव्हाच्या मुळांना कूज लागली. आधी एका ट्रेची पानं पिवळी पडली, मग शेजारच्या. मी रोगट ट्रे काढून टाकले, पाणी बदललं, पुन्हा बदललं. पीक कमी झालं तशी हवा जड व्हायला लागली. सकाळी उठलं की डोकं ठणकायचं, डॅनी वरच्या ट्रेच्या शिडीच्या दोन पायऱ्या चढला की दम लागून खाली बसायचा. रूथ फोनवर म्हणाली, "जिवाला धोका नाही अजून. पण थांबायचं असेल तर सांगा, आत्ता दार उघडते. तुमच्यावर सोडलंय." डॅनी म्हणाला, तू म्हणशील तसं.

मी आबांना फोन उचलायला खुणावलं.

"आबा, पीक बिघडलंय. मी म्हटलं तर आज दार उघडतील. तुम्ही जायच्या आत चार दिवस घरी राहता येईल आपल्याला."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सगळंच गेलंय का?"

"नाही. निम्मं उभं आहे."

"मग?" ते म्हणाले. "उभं पीक सोडून कुनी घरी येतंय का?"

मला वाटलं होतं, ते 'ये' म्हणतील. त्यांचे डोळे भरले होते, आवाज मात्र साधा होता, पेरणीच्या दिवसांत असायचा तसा. मी रूथला सांगितलं, आम्ही थांबतो.

चार दिवसांनी ते गेले. विमानतळाकडे निघताना प्रकाशनं गाडी लॅबवरून आणली. आबांनी काचेवर तळवा ठेवला, मी आतून ठेवला. काच गार होती. फोन उचलायचं दोघांनाही सुचलं नाही.

आणि त्यानंतर दुसऱ्याच दिवशी उरलेला गहूही आडवा झाला. रूथनं कुणाला न विचारता दार उघडलं. मी बाहेर आले, पार्किंग लॉटच्या कडेच्या गवतात बसले. ओल्या गवताचा वास आला, तसं मी मूठभर उपटून नाकाशी धरलं. प्रकाश शेजारी बसला होता. एका दिवसानं आबा चुकले, एवढंच मी म्हणत राहिले.

त्या हिवाळ्यात मी बोरीला गेले. ज्वारी हुरड्यात आली होती. बांधावर बसून आबांना सांगितलं की तुम्ही गेलात आणि पीकही गेलं. ते कणीस चोळत म्हणाले, "जातं. आपल्या हातात राखण हाय, पीक न्हाई." तेवढ्यात रस्त्यानं कुणीतरी म्हातारं चाललं होतं, त्यानं विचारलं, लेक काय करायलीय तिकडं? आबा म्हणाले, "शेतीच करायलीय. गाव बसायचं हाय अजून तितलं."

ते गाव अजून बसलेलं नाही. पुढं पैसे आटले, चेंबर मोडून भंगारात गेलं, रूथ निवृत्त झाली. आबाही गेले, त्या वेळी मी पोचले होते, शेवटचे तीन दिवस हात हातात होता. मी अजून गव्हावरच काम करते, आता इथल्याच शेतांतल्या. मंगळावर जाण्याची तयारी करणारी तरुण पोरं कधीतरी भेटायला येतात, बंद खोलीत सगळ्यात अवघड काय होतं म्हणून विचारतात. मी हवेचं सांगते. हवेचं सांगणं सोपं आहे.

घर कुठलं, हे मी आता ठरवायचं सोडून दिलंय. इथं माझी पोरं आहेत, प्रकाश आहे, तिथं आबांचं शेत रामभाऊ कसतो. तो सणासुदीला फोन करतो, पाऊस-पाणी सांगतो आणि शेवटी विचारतो, "ताई, कधी यायलीस?" मी म्हणते, येते रे. तो बरं म्हणतो. दोघांनाही माहीत असतं की इतक्यात काही जमणार नाही. पण त्यानं हे विचारायचं थांबवलं, तर मात्र मी खरंच गाव सोडलं असं मला वाटेल.