डावऱ्याचा सांधा

बंदराकाठच्या जुन्या वस्तीत त्याला सगळे डावरा म्हणत. दोराला दोर सांधायचं काम त्यानं एकतीस वर्षं केलं, आणि डाव्या हातानं केलं. त्यामुळे त्याच्या सांध्यातले पेड इतरांच्या उलट अंगाला वळलेले असत. हमाल विचारत, “आरशात बघून वळतोस का रे?” तो म्हणे, “सरळ वळणारे शंभर आहेत. माझा ओळखू तरी येतो.”

ओळखू येत होता, तिथंच घात झाला. अकरा वर्षांपूर्वी क्रेनचा दोर तुटला आणि खाली उभा असलेला त्याच्या ताईचा नवरा जागच्या जागी गेला. कंपनी म्हणाली, सांधा सुटला. तुटलेला दोर चारचौघांपुढे आला नाही. सांधा कुणाचा, ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. डावऱ्याचं काम गेलं. ताईनं त्याच्या तोंडावर दार लावलं.

अकरा वर्षांनंतर एका संध्याकाळी त्यानं ते दार वाजवलं. “ताई, दहा मिनिटं चल. मग पुन्हा तोंड दाखवणार नाही.”

ताईनं चपला घातल्या.

दोघं उतारानं निघाली. ती पुढे, तो चार पावलं मागे. शिडं शिवायच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं टांगली होती. दोर वळायच्या लांबलचक छपराखाली मोटारी उभ्या होत्या. भिंतींना डांबराचा वास तेवढा उरला होता.

“गुडघे कसे आहेत?” त्यानं विचारलं.

“आहेत जागेवर. तुझ्यासारखेच, बिनकामाचे.”

धक्क्यावरच्या गोदामाचं हॉटेल झालं होतं. आतला जुना माल शोभेसाठी भिंतींवर चढवला होता. दारापाशी एक तुटका दोर होता आणि त्याला कंपनीची पत्र्याची चकती, अपघाताच्या तारखेची. कालच फिरता फिरता तो डावऱ्याला दिसला होता.

“हा माझा सांधा. बघ, धड आहे. दोर तुटलाय दीड हात वर, कुजला होता तिथं. बदला म्हणून मी दोनदा सांगितलं होतं.”

ताईनं दोराकडे नीट पाहिलंही नाही. “मला माहीत होतं,” ती म्हणाली.

डावरा दोरापासून मागे सरला.

“दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या साहेबानं दाखवला होता. म्हणाला, सांधा सुटला असं लिहून दे, राहती खोली मरेपर्यंत तुझी. दोन पोरी होत्या पदरात. तू एकटा जीव.”

“मला तरी सांगायचंस.”

“गप्प बसला असतास?” ती थांबली. “तुझ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून दार लावलं.”

परत चढ चढताना ती धापा टाकत होती. त्यानं हात दिला नाही, पण पुढेही गेला नाही.

ताईनं कुलूप काढलं. “ये आत. चहा टाकते.”

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. एक खिडकी, दोन खाटा, कोपऱ्यात मोरी. एवढ्यासाठी त्याचं नाव गेलं होतं. मोरीतला नळ ठिबकत होता.

“महिना झाला गळतोय,” ताई म्हणाली. “तुला जमेल, बघ जरा.”

“दुसऱ्या कुणाला सांग, ताई,” तो म्हणाला. “माझा हात उलटा आहे.”

आणि तो जिना उतरू लागला.