मामाचा गुडघा

दिलीपच्या पितळी भांड्यांच्या दुकानात आम्ही मित्र रोज संध्याकाळी बसतो. गिऱ्हाईक कमी, किस्से जास्त! यंदाचे सगळे किस्से माझ्या बाबांच्या गुडघ्याचे. बाबा आसगावचे. गुडघा वाकेना, स्वतःच्या धानाच्या बांधीपर्यंत जाता येईना. दारात बसून शेताकडे बघत राहायचे, ते मला बघवत नव्हतं. हाडाचा डॉक्टर पाहिजे होता, अन् माझ्या नोकरीचा मेडिक्लेम चालणारा.

*

भंडाऱ्यातल्या पहिल्या दवाखान्यात काउंटरवरची पोरगी गोड बोलली. "नवीन पेशंट घेतो ना काका. पण तुमचा इन्शुरन्स नाही चालत."

दुसऱ्या दवाखान्यात इन्शुरन्स चालत होता. "पण डॉक्टरसाहेब सध्या नवीन पेशंट घेऊन नाही राहिले."

दिलीप म्हणे, "अबे, मंग याचा डॉक्टर अन् त्याचा काउंटर, असं जमवून पाह्य!"

*

मग मीच डोकं चालवलं. दुसऱ्या दवाखान्यात फोन करून ठोकून दिलं, "बाबा तुमचे जुनेच पेशंट आहेत."

"मागच्या वेळी काय झालं होतं त्यांना?"

बाबांनी माझ्या हातातून फोन ओढला. "काई नाई झालं होतं बाई. मी तं पहिल्यांदाच येऊन राहिलो!"

*

दिलीप म्हणाला, "कायले लबाडी करतं? नातं काढ, नातं!"

हे काम बाबांना शिकवावं लागत नाही. त्याच दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी कंपाउंडरकडून डॉक्टरांचं आजोळ काढलं. निघालं आसगाव! गावची लेक ती आपली बहीण, म्हणजे डॉक्टर भाचा. डॉक्टर बाहेर दिसताच बाबा ओरडले, "भाचेबुवा! मी तुमच्या मायच्या गावचा मामा!"

डॉक्टर हसले अन् काउंटरला म्हणाले, "मामा कुठले नवीन पेशंट? पाठवा आत." इन्शुरन्स तर तिथं चालतच होता. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

*

आत बाबांना टेबलावर झोपवलं. डॉक्टरांनी पायाकडे हात नेला, तसे बाबांनी दोन्ही पाय मागं ओढले. कळवळले, पण ओढलेच!

"नाई, नाई! भाच्यानं मामाच्या पायाले हात लावाचा नसते, पाप लागते मले! आमच्यात मामाच भाच्याच्या पाया पडते!"

मी धरेपर्यंत बाबा टेबलावरून उतरले अन् सरळ डॉक्टरांच्या पायाशी वाकले. इतके दिवस न वाकणाऱ्या गुडघ्यासकट दोन्ही गुडघे जमिनीला टेकले.

डॉक्टर घाईघाईनं त्यांच्यासमोर खालीच बसले.

"मामा, उठू नका! असेच राहा. आता सांगा, कुठं दुखून राहिलं?"