आडनाव विचारून सांगितलेली लढाई

आमच्या थोरल्या भाऊजींइतका सराईत थापाड्या डहाणूपासून विरारपर्यंत शोधून सापडणार नाही. बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून आमच्या किनाऱ्यावरचा पडका किल्ला त्यांनी जणू स्वतःच्या नावावरच करून घेतला. पाहुणा दिसला की भाऊजी उठलेच. पायांत रबरी चपला आणि डोक्यावर कारखान्याचे पिवळे हेल्मेट. "बुरुजाचा दगड कदी पडंल सांगता येत नाय," म्हणतात. आजवर एकही पडलेला नाही. मी किल्ल्याच्या दाराशी ताडगोळे विकते, त्यामुळे त्यांची प्रत्येक थाप माझ्या कानांवरूनच जाते. थोरल्या दिरांना तोंडावर हसायची आमच्यात रीत नाही, म्हणून मी पाटीकडे बघून हसते.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी पाहुण्याचे आडनाव विचारायचे आणि मग त्याच आडनावाचा वीर बुरुजावर चढवायचा. "पाटील? अरे, मग तुमीच तर किल्ला राखला!" तासाभराने राऊत आले की पाटलाच्या छातीत घुसलेला बाण उपटून राऊताच्या छातीत घुसवायचा. रविवारी कारखान्यातली मंडळी आली की भाषा बदलते, बाण तोच. "मिश्रा? आपका एक मिश्रा इधरीच खडा था, ऐसा छाती निकालके!" त्या मिश्राने तिथेच छाती काढून फोटो काढला आणि गावी पाठवला. एकदा एक डिसोझा कुटुंब आले. गोष्टीतला शत्रू पोर्तुगीज, तेव्हा आता भाऊजी अडकले असे मला वाटले. त्यांनी हेल्मेट सारखे केले आणि हळूच म्हणाले, "तुमचा मानूस आतून आमाला सामील व्हता." खुशीत त्या लोकांनी दोन डझन ताडगोळे घेतले. गावातल्या घराघरालाही भाऊजींनी असाच एकेक शूर पूर्वज वाटून दिला होता. शेजाऱ्याच्या घरी कोणता दिला, हे कुणी विचारले नाही. त्यामुळे गावात शांतता होती.

मग मुंबईहून एक कंपनी आली. फोन किल्ल्याकडे धरला की पडलेल्या भिंती उभ्या दिसतील, घोडे धावतील आणि फोनच लढाईची गोष्ट सांगेल, असे काहीतरी ते करणार होते. गोष्ट लिहून घ्यायला एक मुलगी आली. भाऊजींनी सवयीने तिला आडनाव विचारले. ती म्हणाली, सबनीस.

उद्घाटनाला पालघरहून साहेब आले, मंडप पडला, नारळ फुटला. सगळ्या गावाने फोन वर धरले. घोडे आले, तोफा उडाल्या आणि आवाज आला, "शूर किल्लेदार सबनीस अखेरच्या श्वासापर्यंत लढले!"

"ह्यो सबनीस कोन?" राऊत ओरडले. "आमचा पणजोबा कुठं गेला?"

"तुमचा? तो आमचा व्हता!" पाटील म्हणाले.

मग एकेक घर उठले. साहेब चहा न घेताच गाडीत बसले. शेवटी सातपाटीची एक म्हातारी मासेवाली पुढे आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय रे, एका बाणात किती मानसं मारलीस तू?"

भाऊजींनी हेल्मेट काढून काखेत धरले.

त्यानंतर गावातले कुणी त्यांच्याशी धड बोलेना. पाहुण्यांनाही त्यांची गरज उरली नाही. ते येतात, फोन धरतात, बघतात आणि जातात. एक दिवस एक पोरगी म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हा ना, घोडा दिसत नाहीये." भाऊजी बाजूला झाले. इतके बाजूला झाले की माझ्या पाटीपाशी येऊन बसले. आठ दिवस गुमान ताडगोळे सोलत होते आणि निम्मे फोडत होते. जन्मभर हा माणूस गप्प बसावा म्हणून मी देवाला सांगत आले, आणि आता तो गप्प बसला तर मलाच किल्ल्याकडे बघवेना.

मान वर न करता मी म्हटले, "भाऊजी, माझ्या माहेरचं आडनाव तुमी कदी विचारलं नाय."

त्यांचा हात थांबला. "काय हाय?"

"घरत. आमची मानसं मिठागरात राबणारी."

"घरत?" ते उठून उभेच राहिले. "अरे, मंग हे आदी नाय सांगायचं! तो कोपऱ्यातला बुरूज दिसतो? सगळे पळाले तवा तिथं एकटी घरताची बाई उभी व्हती. पदरात मीठ. शिडीवरून जो वर येल त्याच्या डोळ्यांत मूठभर..."

भरती चढेपर्यंत ते सांगत होते. ताडगोळे घ्यायला आलेल्यांना मी हातानेच थांबवले.

थाप आहे, हे मला पुरते ठाऊक आहे. माझ्या बापाचे पाय मिठागराच्या चिखलातून कधी बाहेर निघाले नाहीत, आईचेही नाहीत. त्यांना बुरुजावर कोण चढवतो? तरी दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन घेतला आणि कुणी बघत नाही असे पाहून त्या कोपऱ्यातल्या बुरुजाकडे धरला. घोडे होते, तोफा होत्या, सबनीस होते. ती बाई नव्हती.