पाडव्याचा नमस्कार

लग्न होऊन अवसरीत आले तेव्हा माझं बीएस्सी नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, ते मुळीच पटलेलं नव्हतं. “सुई टोचायला चार वर्षं? आमच्या येळच्या नर्सबाई काय कॉलेजात गेल्या व्हत्या?” असं ते चहाला येईल त्याला ऐकवायचे. मी ओट्यापाशी दातओठ खात पोहे परतायचे. उलट बोलायची सोय नव्हती, आणि गप्प बसायचा माझा स्वभाव नव्हता.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवरून घरी आले, तर मामा घरातही मोजे घालून फिरत होते. सासूबाई हळूच म्हणाल्या, “टोमॅटोच्या मांडवाची तार घुसली व्हती पायात. पर दुखत न्हाई म्हनत्यात.”

दुखत नाही, हीच तर खरी भीती होती. मामांना जुना मधुमेह. साखरेनं पावलाची जाणीव जाते, जखम कळत नाही आणि शेवटी पाय कापावा लागतो, हे मी नुकतंच वॉर्डात पाहिलं होतं. पाय दाखवा म्हटलं, तर मामा भडकले. “सुनेपुढं पाय पसरू व्हय? दवाखान्याचं नावबी काढू नको.”

पाडव्याला सकाळी आंघोळ करून मामा पाटावर बसले, अनवाणी. एकेक जण पाया पडू लागला. माझी पाळी आली तशी पदर घेऊन वाकले आणि उठलेच नाही. वर्गात शिकवल्याप्रमाणे पावलावरची नाडी चाचपली. ती लागली, म्हणजे पायात रक्त पोचत होतं; जीव भांड्यात पडला. पण अंगठ्याखाली बोटाला जखमेची चिकट ओल लागली.

“किती येळ पाया पडती? उठ की आता!”

“उठते. आधी दवाखान्यात येतो म्हणा. हाच आशीर्वाद द्या.”

सगळं घर बघत होतं. सणासुदीला पायाशी वाकलेल्या सुनेला झिडकारणं मामांना जमेना. दुपारी ते मुकाट्यानं मंचरला आले. उशीर झाला असता तर अंगठा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

जखम भरायला होळी उजाडली. मी घरी असले की ड्रेसिंग मीच करायची. मामा दुसरीकडे बघत म्हणायचे, “चल, पड पाया.” मला हसू यायचं आणि भरूनही यायचं.

चौथ्या वर्षी वारूळवाडीहून एक पाहुणे आले होते. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, “चार वर्षं शिकवत्यात तरी काय हिला?”

मी तोंड उघडणार, तोच मामांनी आपल्या पायाकडे पाहिलं.

“पाया पडायला, पावणं.”