बेफानाचा लाल मफलर

काल नाताळच्या सणाचा शेवटचा दिवस झाला, म्हणून आज सकाळी ख्रिस्तजन्माचा देखावा आवरायला घेतला. मेंढ्या कागदात गुंडाळून झाल्या होत्या, बाळ येशू अजून टेबलावरच होता, तोच शेजारची डेल्फिना आली आणि एप्रनच्या खिशातून लाल मफलर काढून तिनं त्या मेंढ्यांवर टाकला.

"ठेव तुझ्याकडे. माझ्या घरात नको."

डेल्फिना सत्तरीला टेकली. मुलगा नि सून दिवसभर बेकरीत, त्यामुळे नात नीवेस हिच्याच हाताखाली वाढते. टोपी घाल, सूप संपव, जपमाळ पुरी कर. या आजीचा मुका घ्यायला पोरीला तीनदा सांगावं लागतं.

आणि हीच डेल्फिना आमच्या गावाची बेफाना, म्हणजे खराट्यावर बसून येणारी, मुलांना खाऊ वाटणारी गोष्टीतली म्हातारी. दर पाच जानेवारीच्या संध्याकाळी तोंडाला काजळी फासते, कापडाचं नाक लावते, खराटा घेऊन घरोघर जाते, मुलांनी टांगलेल्या मोज्यांत गोड गोळ्या घालते. आवाज असा बदलते की मीही फसते. मोठ्यांना ठाऊक आहे, मुलांना नाही. नीवेसला त्या दिवशी माझ्याकडे ठेवतात. आजी चर्चमध्ये जपाला बसलीय, असं तिला सांगायचं.

नीवेसचा सगळा जीव बेफानावर. मध्यंतरी तिनं बेफानाचं चित्र काढलं. "माझं कुठंय?" डेल्फिनानं विचारलं. "तू तर रोजच असतेस," पोर म्हणाली. त्या रात्री डेल्फिना जेवली नाही.

मग पानगळीपासून बसून तिनं हा मफलर विणला आणि नाताळला नातीला दिला. परवा बेफाना माझ्या स्वयंपाकघरात आली, तेव्हा नीवेसनं तिला चुलीजवळ ओढून नेलेलं मी पाहिलं. काय बोलणं झालं ते आज कळलं.

"गळ्यातला काढून माझ्या गळ्यात घातला. मी म्हटलं, तुझी आजी रागावेल. तर म्हणते, रागावू दे, ती दुसरा विणेल. तुझ्यासाठी कोण विणणार, तुला तर कुणीच नाही." डेल्फिना खुर्चीत बसली. "आणि मुका घेतला गं. न सांगता. त्या काळ्या गालाचा."

"अगं, गाल तुझाच ना?"

"माझा कसला, बेफानाचा. घरी आल्यावर पोरीच्या ओठांवरची काजळी मीच पुसली. सकाळी मला सांगते, मफलर हरवला. त्या भटक्या म्हातारीसाठी माझ्याशी खोटं बोलली."

"मग सांगून टाक, बेफाना तूच आहेस म्हणून."

"म्हणजे वर्षातून एकदा मिळतो तोही मुका गेला."

मी बाळ येशूला कापसात ठेवलं आणि मनातल्या मनात तिच्यासाठी एक प्रार्थना म्हटली. ती मफलराची टोकं ओढत बसली होती.

"दुसरा विणणार?" मी विचारलं.

"विणणार. याच्याहून उबदार. आणि गोंडे लावणार. त्या बेफानाच्याला गोंडे नाहीत."

"मग हा इथंच राहू दे ना."

"नको. पुढच्या वर्षी तिच्या गळ्यात दिसला नाही तर पोरीला वाईट वाटेल," असं पुटपुटत तिनं मफलर झटकला आणि परत खिशात कोंबला.

आमच्या गावातल्या दुकानात गेली तर नीवेसला आधीच कळेल. म्हणून दुपारच्या बसनं डेल्फिना खालच्या गावी गेलीय, लाल लोकर आणायला.