विळ्याचा वण

मुलीच्या उजव्या हाताला दोन अंगठे होते. शहापूरला बाळंतपण झालं, सासूबाईंनी दुपट्यातून हात बाहेर काढून पाहिला आणि म्हणाल्या, "गिरान पाळलं नाय ना गो तू."

नव्हतंच पाळलं. २००९च्या पावसाळ्यातलं ते सूर्यग्रहण, भल्या सकाळचं, ढगांमुळे दिसलंही नाही. नवऱ्याची वाशिंदच्या कारखान्यात पहिली पाळी होती. डब्यासाठी मी भेंडी चिरली. पोटुशीने ग्रहणात विळीला हात लावायचा नसतो हे मला माहीत होतं, पण डबा द्यायचा होता. देठं नंतर सासूबाईंना केरात दिसली.

बारशाला भावकीतल्या बायका आल्या. प्रत्येकीने मुलीचा हात उलटासुलटा केला, मग माझ्याकडे पाहिलं. मी चहा दिला. काही वाटत नव्हतं, तेव्हाही आणि पुढे कितीतरी महिने.

अंगठा काढायला मुंबईच्या इस्पितळात गेलो, तिथे आनुवंशिकतेच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. मी एकच विचारलं, ग्रहणात भेंडी चिरल्याने होतं का. त्या म्हणाल्या, बोटं दुसऱ्या महिन्यातच घडतात. ग्रहण तुमच्या सातव्यात होतं.

तिघांचं रक्त घेतलं. रिपोर्ट आल्यावर त्यांनी समजावलं. बोटं घडवणारा जीन धडधाकट होता. बिघाड होता तो त्याला चालू-बंद करणाऱ्या तुकड्यात. त्या तुकड्यातून कुठलंच प्रथिन बनत नाही, आणि तो बसलेला असतो खूप लांब, भलत्याच जीनच्या आत. म्हणजे मोटर आपल्या विहिरीवर आणि स्टार्टर तिसऱ्याच्या शेतात. हाच तुकडा उंदरात, कोंबडीत, माशातसुद्धा जवळपास तसाच आहे, असं त्या म्हणाल्या. कोट्यवधी वर्षांत आजूबाजूचं बरंच बदललं, इथलं फारसं नाही, कारण इथे एक अक्षर हललं तरी हात बिघडू शकतो.

"बदल वडिलांकडून आलाय," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी पांढरा वण होता. लहानपणी विळा लागला होता, असं त्याने सांगितलं.

घरी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्याने विचारलं, आई, मला विळा कधी लागला?

"विळा कसला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "सुईणीनं जास्तीच्या अंगठ्याला घोड्याचा केस बांधला व्हता. वाळून पडला. तुझ्या बापाचापन तसाच पाडला व्हता."

पाडायचा आणि विळा सांगायचा, म्हणजे सोयरिकीच्या वेळी कोणी विचारत नाही. मी म्हटलं, मग मला ग्रहण का लावलंत?

"माझ्या सासूनं मलापन तेच लावलं." एक खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "मी तर तवा काय कापलंपन नव्हतं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. सूप ओढून घेतलं आणि उरलेले खडे मी काढले.

मुलीचं ऑपरेशन नीट झालं. तिच्या हातावरच्या वणाला सासूबाई पाहुण्यांना अजून विळाच सांगतात. दुसरा अंगठा होता, काढला, असं मी तिथल्या तिथे सांगते.