आंबा चोखल्यागत

माझा जनम चुलीम्होरं फुंकणी फुंकण्यात गेला, तवा दमा लागला त्यात नवल न्हाई. लातूरच्या दवाखान्यात नर्सबाईनं दम वाढवाया नळी लावलेलं, डबीत प्लास्टिकच्या तीन गोळ्या असलेलं खेळणं दिलं. मी सवयीनं जोरात फुंकलं. गोळ्या हालल्याच न्हाईत.

शेजारच्या खाटंवरल्या म्हातारीला भेटाय औशाहून तिची नात आली होती, संगं आई. नातीला त्याच दिवशी कालेजात नाव घालायचं होतं. आई म्हणायची नर्सिंग, पोरीला श्वासाच्या मशिनीचं शिकायचं होतं.

"आज्जे, चूल न्हाई ही! आंबा चोखल्यागत वढा की," पोरगी मला म्हणली. म्या वढलं, तिन्ही गोळ्या वर!

आई फणकारली, "नर्स म्हणलं की सोयऱ्याला कळतंय. पोरगी श्वास घ्याया शिकवती म्हणलं तर लोकं हसत्याल."

पोरीनं नळी बदलून खेळणं आईच्या हातात दिलं. आईनं वढलं. एकच गोळी उठली, तीबी लगीच बसली.

"बघ, घरातच गिऱ्हाईक हाय," पोरगी डोळा मारून म्हणली.

आईनं पदरानं तोंड पुसलं. "चल मग. श्वासाचंच घाल नाव."

पोरीला नाव इचारायचं ऱ्हाऊनच गेलं. दम लागला की अजून मनात आंबा चोखते, हंगाम नसला तरी.